अडकलेली दांडी आणि ‘सगळं ठीक’

खोटं बोलणं म्हणजे काय हो? समोरच्याला फसवायला बोललेलं तेवढंच खोटं? मग ज्या शब्दावर ना बोलणाऱ्याचा विश्वास, ना ऐकणाऱ्याचा, त्याला काय म्हणायचं? घाईने उत्तर देऊ नका. आधी तोफेचं ऐका.

तोफ म्हणजे हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली. खरं नाव हजेरीपटावर, बाकी जगाला ती तोफ. नवऱ्याने नवा शर्ट घालून “कसा दिसतो?” विचारलं, तर “उशी अभ्र्यात कोंबल्यासारखा,” म्हणणारी. “आपण खोटं बोलत नाही,” हे ती अशा तोऱ्यात सांगायची, जसे दुसरे आपल्या पोरांचे मार्क सांगतात.

तिची मशीन म्हणजे पलंगाएवढा रुंद, तापलेला रूळ. ओलसर चादर इकडून सारायची, तिकडून कडक होऊन बाहेर. रुळाच्या तोंडाशी एक आडवी दांडी. बोटं फार पुढे गेली की दांडी दाबली जाते नि रूळ जागच्या जागी थांबतो. म्हणजे, थांबायला हवा. कारण ती दांडी हल्ली अडकायला लागली होती. तोफेने सुपरवायझरला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, “चालवून घे गं. पेशंटना काय पेपरावर झोपवू?” तोफेने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि चालवून घेतलं. दांडीला कोपराने एक ठोसा द्यायचा, की मोकळी.

पाळी बदलताना तिथे एक रीत होती. जाणारी ॲप्रनची गाठ सोडता सोडता म्हणायची, “सगळं ठीक.” येणारी गाठ मारता मारता म्हणायची, “ठीक.” मशीनकडे कुणी बघायचं नाही, एकमेकींच्या तोंडाकडेही नाही. मुळात हा मालकांचा, म्हणजे साहेबांचाच नियम होता, मशीन बघून, सांगून मगच पाळी सोडायची. बघणं कधीच गळून पडलं, सांगणं तेवढं उरलं. साहेब रोज तिथून जायचे, रोज ऐकायचे, मान डोलवायचे.

त्या दुपारी पुढच्या पाळीची इस्त्रीवाली रजेवर होती. तिच्या जागी आली चिमी, तोफेची धाकटी नणंद. एरवी ती चादरींच्या घड्या घालायची. तोफेनेच शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं.

“सगळं ठीक.”

“ठीक. वहिनी, दूध झाकून ठेवलंय, मांजर टपून बसलंय बघ.”

तोफ बाहेर पडली. टपरीवर तिचा चहा संपायच्या आत चिमीचा उजवा हात रुळात गेला. दांडी हलली नाही.

हात वाचला, पण बोटं मिटत नाहीत.

मालकांनी चौकशी लावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मशीन ठीक आहे असं सांगून हवाली केली होती, मग चूक हात घालणारीची. म्हणजे चिमीचं काम जाणार, वर निष्काळजी म्हणून कपाळावर शिक्का.

शेजारच्या टेबलावरची घडीवाली कुजबुजली, “तोफे, तू काही बोललीच नाहीस म्हणून सांग. तोंडचा शब्द, वाऱ्यावर गेला. कोण धरून आणणार?”

सुपरवायझरने जिन्यात गाठलं. “ठीक म्हणालीस ना? तेवढंच सांग. तुला खरंच तर बोलायचंय!”

खोटं बोललं तर नणंद वाचत होती. विचारलं तेवढंच, अक्षर न् अक्षर खरं बोललं तर बुडत होती. जन्मभर छातीवर मिरवलेला तो खरेपणा आता धरायचा तरी कुठून?

घरी चिमीला घास भरवताना तिने सांगून टाकलं. “मला माहीत होतं गं दांडी अडकते ते. तरी ठीक म्हणाले.”

चिमी घास चघळत राहिली. मग म्हणाली, “मी ऐकलं कुठे, वहिनी? तू ‘बिघडलीय’ म्हणाली असतीस, तरी मी ‘ठीक’च म्हणाले असते.”

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तोफ ताट घेऊन उठली आणि मोरीत नुसतीच उभी राहिली. खरं सांगायची वाटच आपण बुजवून टाकली होती, सगळ्याजणींनी मिळून, रोज थोडी थोडी.

चौकशीच्या खोलीत ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, “मी ठीक म्हणाले. ठीक नव्हतं. मला माहीत होतं. या सुपरवायझरलाही मी सांगितलं होतं.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात,” साहेब म्हणाले.

“सगळ्याच म्हणतात हो, साहेब,” तोफ म्हणाली. “ रोज. तुम्ही पण ऐकता!”

“बाकीच्या तर सांगतात, त्या मशीन बघूनच म्हणतात.”

साक्षीला बोलावलेल्या घडीवालीने जमिनीकडे बघितलं. सुपरवायझर म्हणाला, “मला ही कधी काही बोलली नाही.”

आता तोफ घरी, चिमी घरी. एकीवर खोटारडेपणाचा ठपका, दुसरीवर निष्काळजीपणाचा, आणि दांडी अजून तशीच, दुसऱ्याच कुणाच्या तरी कोपराखाली. खरं बोलायला एक तोंड पुरतं; ते खरं ठरायला पुरत नाही, ही गोम आहे. त्या खोलीत तोफेचं खरं म्हणजे नुसता एका भांडकुदळ बाईचा दावा.

सोमवारी पुन्हा चौकशी आहे. तुमची आई, बहीण, बायको, सून त्या लॉन्ड्रीत जात असेल, तर आज जेवणावर तिला विचारा, तू मशीन बघून ‘ठीक’ म्हणतेस का? ती “जाऊ दे ना,” म्हणेल. जाऊ देऊ नका. सोमवारी तिला त्या खोलीच्या दारापर्यंत स्वतः घेऊन या, आणि ती बोलून बाहेर येईपर्यंत तिथेच थांबा.