मागचं डावं दार

या सदरातले अनुभव मी आजवर तिऱ्हाइताच्या अंतरावरून वाचत आले. वाक्य कुठे सैल पडतं, भीती कुठे नुसत्या विशेषणांवर उभी केली आहे, एवढंच मी टिपायची. खरं की खोटं, हा प्रश्न माझ्यापुढे कधी उभाच राहिला नाही. आमचं बौद्ध कुटुंब. घरात अंगारे-धुपारे नाहीत, अमावास्येचं भय नाही, गाडीला लिंबू-मिरची कधी लटकली नाही. बाबांनी आम्हा भावंडांना लहानपणी एकच शिकवण दिली होती — आवाज आला तर उठायचं, दिवा लावायचा आणि जाऊन बघायचं. मी तेच केलं. जाऊन बघितलं, म्हणूनच आज लिहायला बसले आहे...

आम्ही नाशिकरोडच्या बाजूला राहतो — बाबा, माझा धाकटा भाऊ अमोल, त्याची बायको आणि मी. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर दिंडोरीच्या पुढे त्यांनी छोटीशी द्राक्षबाग घेतली आणि तिथे जायला एक जुनी पांढरी गाडी. त्या दोन्ही त्यांनी सारख्याच मायेने सांभाळल्या. फवारणीसाठी लागणारं मोरचूद, चुन्याच्या पिशव्या, गंधकाची पोती — सगळं त्याच गाडीतून जायचं. दार उघडलं की घामेजल्या तळहातातल्या नाण्यासारखा एक वास यायचा आणि मागच्या सीटच्या शिवणींत निळसर कण चमकायचे.

त्या रस्त्याची एक रीत आहे. छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडचे मजूर सकाळी फाट्यावर उभे असतात, हातात डबा, कात्री फडक्यात गुंडाळलेली. बागाईतदाराची गाडी दिसली की ते हात दाखवतात आणि गाडी थांबते. कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही. बाबाही थांबायचे. फाट्यावर मागचं डावं दार उघडायचं, आणि पुढे जिथे द्राक्षांच्या ओळींमधून एक कच्ची वाट वस्तीकडे उतरते, तिथे पुन्हा उघडायचं. फाट्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या हंगामात गाडी बिघडू लागली. बाबा जेवताना सांगायचे, आणि प्रत्येक वेळी तेच, त्याच क्रमाने. फाटा जवळ आला की डावा इंडिकेटर आपोआप सुरू होतो. मग इंजिन बंद पडतं, गाडी घरंगळत कडेला थांबते. आतला दिवा लागतो — दार उघडल्यावर लागतो तो. जरा वेळाने विझतो. किल्ली फिरवली की गाडी मुकाट चालू. आणि वस्तीच्या वाटेपाशी हेच सगळं पुन्हा. फाट्यावर कुणी उभं नसलं तरीही.

अमोलला यात गाडीचा दोष दिसत नव्हता. वर्षानुवर्षांची सवय आहे, बाबांचा हात आपोआप इंडिकेटरकडे जातो, ते स्वतःच थांबतात आणि थांबल्याचं विसरतात — असं त्याचं म्हणणं. हे तो बाबांच्या माघारी म्हणाला, मग हळूहळू समोर म्हणू लागला. विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांची चौकशीही त्याने करून ठेवली. तो घाबरला होता, मला दिसत होतं. आणि एका सकाळी त्याने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

बाबा भांडले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर खाली उभ्या गाडीकडे बघत राहिले. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बेबी, एवढं एकच मला कळू दे. बिघाड गाडीत आहे का माझ्यात?"

अमोलकडून किल्ली मागून घेतली ती मी. रविवारी सकाळी एकटीच निघाले. दव अजून वाळलं नव्हतं, बागांवर औषधाचा निळा थर, काच खाली केली की गंधकाची तिखट झुळूक. फाटा दिसू लागला आणि — टिक... टिक... टिक... माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. इंजिन गेलं. त्यानंतरची शांतता मी विसरणार नाही, कानांवर कुणीतरी ओले तळवे ठेवावेत तशी. आतला दिवा लागला. डॅशबोर्डवर उघड्या दाराची लाल खूण पेटली. मी वळून पाहिलं. चारही दारं बंद होती.

मग दिवा विझला. किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. वस्तीच्या वाटेपाशी पुन्हा तेच. आणि तिथे दिवा विझला तेव्हा गाडीचं मागचं अंग किंचित वर उचलल्यासारखं वाटलं. वाटलं, यापलीकडे काही म्हणण्याचा मला अधिकार नाही.

घरी आल्यावर मला भीतीपेक्षा आनंद जास्त झाला होता, हे आज विचित्र वाटतं. बिघाड गाडीत होता! अमोलला मात्र ते पुरेना. बाबांनी मलाही पढवलं, असं त्याला वाटलं. मेकॅनिकने डोळ्यांनी पाहिलं तर मानतो, म्हणाला.

नाशकातल्या द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत शकीलभाईंचं दुकान आहे, फक्त गाड्यांचं वायरिंग. माणूस मालेगावचा, बोलायला भारी हौशी आणि स्वतःवर बेहद्द खूश. गाडी बघताच त्यांनी दोन मिनिटांत काम होईल असं जाहीर केलं. त्यांनी इंडिकेटरचा फ्लॅशर बदलला; पुढच्याच फेरीत गाडी फाट्यावर थांबली. मग दाराचा स्विच बदलला, गाडी थांबली. दुकानात मात्र एकही दिवा चुकीचा लागायचा नाही. वायरी हलवून, ताणून, गरम करून झालं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा शकीलभाईंनी हातातला टेस्ट लॅम्प खाली ठेवला.

"ताई, असा फॉल्ट जिंदा असताना पकडावा लागतो. मेल्यावर सगळ्याच वायरी शरीफ दिसतात. मला त्या जागेवर घेऊन चला."

म्हणून आम्ही निघालो. मी चालवत होते. शकीलभाई शेजारी, गुडघ्यांवर मीटर, त्याच्या वायरी फ्यूजबॉक्समध्ये अडकवलेल्या. बाबा मागे, उजव्या बाजूला. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांची कापडी पिशवी. लख्ख ऊन होतं. शकीलभाई सासुरवाडीच्या गाडीचा किस्सा सांगत होते आणि बाबा बऱ्याच दिवसांनी हसत होते.

फाट्यावर कुणीही नव्हतं. टिक... टिक...

शकीलभाईंचा चेहरा उजळला. किल्लीला हात लावू नका म्हणाले. इंजिन गेलं, गाडी कडेला लागली, दिवा लागला. ते मीटरमध्ये डोळे घालून बसले होते. मी आरशात पाहत होते. बाबांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ते जरा उजवीकडे सरकले — कुणी आत येताना आपण सरकतो, तसे. मग आपण काय केलं ते त्यांचं त्यांनाच उमगलं असावं. आरशात आमची नजर भेटली. दिवा विझला.

शकीलभाई खाली उतरले आणि त्यांनी मागचं डावं दार उघडलं. मीही उतरून त्यांच्यामागे उभी राहिले. त्यांनी पाय ठेवायच्या जागेवरचा गालिचा उचकटला आणि ओरडलेच — सापडला! दाराच्या कडेला बॉडीला कसलेली अर्थिंगची वायर पार सडली होती. तांब्यावर हिरवी भुकटी, बोट लावलं की झडणारी. सांडलेल्या मोरचुदाने वर्षानुवर्षं ती खाल्ली होती. अर्थिंग गेलं की करंट मिळेल ती वाट धरतो, मग दिवे कसेही लागतात, इंजिनही जातं, हे त्यांनी मला नीट समजावलं. इतकं सुबक, इतकं पुरेसं कारण! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा शहाणे होते.

ते तिथेच कामाला लागले. मान आत, पाठ बाहेर, हातात पॉलिश पेपर. काही वेळाने वर न बघताच म्हणाले, "चाचा, पाय जरा तिकडे घ्या."

बाबांचे दोन्ही पाय उजव्या दाराशी जुळलेले होते. चपलांचे अंगठे मला दिसत होते. बाबा हलले नाहीत.

"शुक्रिया," शकीलभाई म्हणाले, आणि काम करत राहिले.

नवी वायर बसली, टेप गुंडाळली, दार लागलं. पहिल्या फिरवणीत गाडी चालू झाली. आम्ही पुढे निघालो. वस्तीची वाट जवळ आली तसा मी पाय हलका केला, कान त्या टिकटिकीसाठी उघडे ठेवले... काहीच नाही. वाट डावीकडून आली आणि मागे गेली. शकीलभाईंनी डॅशबोर्डवर थाप मारली.

मागून बाबांचा अगदी खालच्या पट्टीतला आवाज आला. "थांबली नाही?"

अमोलने त्या संध्याकाळी बाबांची माफी मागितली. शकीलभाईंशी फोनवर बोलून त्याने सगळी खात्री करून घेतली होती. किल्ली स्वतःच्या हाताने बाबांना दिली, डॉक्टरांचा विषय संपवला, पेढे आणले. बाबांनी पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं. वस्तीच्या वाटेपाशी गाडी थांबवायला लावली. मी उतरून मागचं डावं दार हाताने उघडलं आणि बाजूला उभी राहिले, गाडीतून कुणी म्हातारं माणूस उतरताना आपण राहतो तशी. आतला दिवा लागला. वेलींच्या पानांतून वारा गेला. दार लावलं, दिवा विझला, सगळं अगदी नियमाप्रमाणे. बाबा पुढच्या सीटवर मान वळवून बसले होते.

"नाही उतरलं," ते म्हणाले.

परतताना मी म्हटलं, गाडी काढून टाकू. त्यांनी नकार दिला. दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालायची, म्हणाले. मग निदान चालवू तरी नका, किल्ली अमोलला परत द्या, मी म्हटलं. शहराच्या वेशीवर म्हसरूळ आलं तेव्हा ते म्हणाले, "काय कारण सांगू? अमोलला यातलं काही बोलू नको, बेबी. आत्ताच कुठं मी शहाणा ठरलोय."

तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. थंडीच्या सकाळी मागची डावी काच तेवढी आतून धुरकटते. शकीलभाई म्हणतात, रबर गेलं असेल, ओल येत असेल. असेल. मी रबर बदलून घेतलं, काच धुरकटतेच. वायर सडली होती, हे मी पाहिलं आहे. सडलेली वायर दोनच जागा कशी ओळखते, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. आणि दुरुस्ती आम्ही पहिल्या जागी थांबल्यावर, दुसरी जागा येण्याआधी केली, याचा अर्थ काय लावायचा, तेही नाही. उत्तर कुणाकडे असेल तर मला हवं आहे, माझ्यासाठी नाही...

बाबा रोज सकाळी बागेत जातात. जायलाच हवं; नाही गेले तर अमोल विचारील. काल मी गॅलरीतून पाहिलं. ते गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि निघण्याआधी मागे वळून काहीतरी बोलले. संध्याकाळी मी विचारलं, काय म्हणत होतात?

"कुठं सोडू, ते विचारत होतो."

उत्तर आलं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आज सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर निघाले, आणि दिंडोरीच्या रस्त्याला न लागता उलट्या बाजूला वळले.