काकूंच्या टबातली बुरशी

मी ज्या काकूंकडे सहा वर्षं धुणीभांडी करते, त्यांच्या बाथरूममध्ये टब आहे. मुलानं हौसेनं बसवला आणि नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. त्यात कोणी अंघोळ केलेली मी तरी पाहिली नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून काकू तो काठोकाठ भरतात आणि वर प्लास्टिक अंथरतात. हौदच तो. एवढं झाकून ठेवल्यावर बुरशी धरणार नाही तर काय होणार? टब आणि भिंतीच्या सांध्यातली पांढरी पट्टी पार काळी पडली होती.

परवा गुरुवारी सूनबाईंचा फोन आला. शनिवारी बाळाला घेऊन येते म्हणाल्या. बाळाला यात अंघोळ घालू म्हणून काकूंनी कौतुकानं टबाचा फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं, "आई, ती बुरशी निघाली तरच तुमच्याकडे उतरते, नाहीतर माहेरी जाते." माहेर इथंच जवळ, कुंभारी गावात. बारशानंतर काकूंनी नातवाला पाहिलेलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच मला हाक मारली.

"आजच्या आज काढ ती घाण."

"टबात पानी हाय, काकू."

"मग भरून ठेव की दुसरीकडे. सांडू नको मात्र!"

बादल्या, पातेली, कुकर सगळं भरलं. शेवटी काकू फुलदाणी घेऊन आल्या. माझी कंबर तिथंच मोडली. मग साबण लावून घासलं. टबाच्या गुळगुळीत भागावरची बुरशी निघाली, पण पट्टीतली हलेना. साबण धुऊन टाकला, तोवर काकू एका हातात ब्लिचिंग पावडर आणि दुसऱ्या हातात संडासचं अ‍ॅसिड घेऊन उभ्या. मी तोंड उघडेपर्यंत पावडर भुरभुरलीसुद्धा, आणि त्या अ‍ॅसिडचं झाकण फिरवू लागल्या.

एकदा एका मंगल कार्यालयात मी हे दोन्ही एकत्र केलं होतं. घशात मिरची कोंबल्यासारखं झालं, चार दिवस खोकत होते. माझीच चूक, म्हणून लाजेनं कोणाला सांगितलं नव्हतं. मी सरळ त्यांचं मनगट धरलं.

"अगं, हात सोड!"

"न्हाय. दोनी एकत्र न्हाय टाकायचं."

"डबल काम करतं ते."

"दोघींचा जीव जाईल की! बाटलीवर लिवलंय, वाचा."

काकू बी.ए. आहेत. आधी चष्मा सापडेना. सापडल्यावर बारीक अक्षरं वाचली आणि मलाच दटावलं, "बघ, दुसऱ्या कशात मिसळायचं नाही म्हणून लिहिलंय. वाचत जा जरा."

अ‍ॅसिडची बाटली उचलून मी गच्चीवर ठेवून आले. खिडकी उघडली, पंखा लावला, रबरी हातमोजे घातले. थोडी पावडर पाण्यात कालवली, चिंध्या भिजवून पट्टीवर दाबल्या आणि दोघी बाहेर येऊन बसलो. चहा झाल्यावर ब्रश मारला. काळं गेलं, फिकट डाग तेवढा राहिला.

आता धुवायचं.

"दोन तांब्यांत होईल," काकू म्हणाल्या.

"बाळ बसणार हाय त्यात."

"बरं, तीन घे."

मी तीन बादल्या ओतल्या. प्रत्येक बादलीला काकूंनी देवाचं नाव घेतलं.

आज शनिवारी सकाळी जाऊन बघते तर टब काठोकाठ भरलेला. पहाटे पाणी आलं होतं. "नळ वाहत होता गं, बंद करवेना," काकू तोंड पाडून म्हणाल्या. तेवढ्यात रिक्षा दाराशी आली.

सूनबाई बाळाला काखेत घेऊन सरळ बाथरूममध्ये. पट्टीवरून बोट फिरवलं, वास घेतला. "कशानं काढलं?" त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. अ‍ॅसिडचं ऐकून त्यांनी काकूंकडे असं बघितलं, की वाटलं आता रिक्षा परत बोलावतात.

"भरलेल्या टबाजवळ बाळ नको," त्या म्हणाल्या. "कडी लावून ठेवा. आणि मला ती मोठी परात द्या."

बाळ अंगणात परातीत बसलं, हात आपटून त्यानं सगळ्यांना भिजवलं. काकू टबातून तांब्या तांब्या पाणी आणत होत्या. मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "टब भरून ठेवला म्हणून बरं झालं की नाही?"