कुठल्या वाटेने आलात?

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, मुरबाडच्या ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलातून मी इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले, तिथल्याच मॅनेजरांनी मला सांगितलं, "मॅडम, आता तुम्ही व्हिजिटर. बाकावर बसा. तुमचं सगळं नॉलेज सिस्टिममध्ये आहे."

शहापूरहून बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले होते, बसले. तेवढ्यात धसईपलीकडच्या एका पाड्यावरून जीपमधून पेशंट आला... साप चावलेला. सोबत बायको.

नव्या सिस्टरने टॅबवरचा प्रश्न वाचला, "आधी दुसरीकडे उपचार घेतले का?" नवरा म्हणाला, "नाय." तिने 'नाही'वर बोट ठेवलं.

मुलगी हुशार आहे, दोष तिचा नाही. पण आपल्याकडे बरेच जण आधी भगताकडे, झाडपाला-मंत्र करणाऱ्याकडे जातात आणि डॉक्टर ओरडतील म्हणून लपवतात. माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून तर आणखीच गप्प व्हायचे! म्हणून मी पुरुषाला विचारतच नसे. सोबतच्या बाईला विचारायचं, कुठल्या वाटेने आलात? वाट सांगता सांगता बाई सगळं सांगते.

बाकावरूनच विचारलं.

"वरच्या पाड्यावरनं," ती म्हणाली.

"अगं, ती तर उलटी वाट!"

"मंग? तिथल्या बाबानं पाला पाजला, दोरी बांधली..."

"गप गो!" नवरा खेकसला.

"गप कशाला? तुमी मेल्यावर बोलू?"

सिस्टरने त्याची पँट वर केली. गुडघ्याच्या वर सुतळी करकचून आवळलेली. अशी दोरी एकदम कापली तर अडलेलं विष अंगभर पसरून पेशंट कोसळू शकतो. तिने हात न लावता आधी डॉक्टरांना बोलावलं, सगळी तयारी झाल्यावरच दोरी सोडली. माणूस वाचला, काल घरी गेला.

मग राग कशाचा? रिटायर होण्याआधी 'नॉलेज ट्रान्सफर' म्हणून कन्सल्टंटसमोर बसवून माझ्याकडून हेच वदवून घेतलं होतं. त्या कन्सल्टंटने त्याचा टॅबवर 'होय/नाही'चा प्रश्न केला. औषधांचे डोस लिहून ठेवता येतात... माणसाला बोलतं करणं शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. माझ्या जागी आलेल्या या मुलीला माझ्यासोबत एक ड्यूटीसुद्धा दिली नाही.

परवा मॅनेजरांचा फोन. "मॅडम, तुमचा प्रश्न ॲपमध्ये टाकला!" म्हटलं, वाचा.

'कुठल्या वाटेने आलात? पर्याय : एसटी, जीप, दुचाकी, इतर.'

त्या पेशंटच्या बायकोचे मात्र मनापासून आभार. ती नवऱ्याला घाबरली असती तर आज ही पोस्ट वेगळी असती.

ट्रस्टींना जाहीर प्रश्न : पुढची सिस्टर रिटायर होण्याआधी नवीला तिच्यासोबत ड्यूटी देणार की नाही? येत्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. आणि पर्याय निवडून पाठवू नका... पूर्ण वाक्यात लिहा.