मुहूर्तावर आणलेली गाडी

मी विम्याच्या कचेरीत क्लेम बघते. त्यामुळे रस्ता मला इतरांसारखा दिसत नाही. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर लोकांना गोड वाटतं, मला ते खाली पडताना दिसतं. तुझ्याबरोबर प्रवास म्हणजे शिक्षा, असं नवरा म्हणतो, आणि त्यात फारसं खोटं नाही.

त्या दसऱ्याला मात्र माझी भीतीनं गाळणच उडाली होती. नवऱ्यानं जुनी ट्रॅव्हलर विकत घेतली होती. आधीच्या मालकानं मागच्या सीटा काढून पलंग, शेगडी, बेसिन असा सगळा संसार आत थाटलेला. सुट्टीत आम्ही दोघं आणि मुलगी, तिघांनी तिच्यातून डोंगरात हिंडायचं, असा बेत होता. गाडी लखनऊच्या जानकीपुरमला उभी, आमचं घर गोमती नगरला. जुना विमा संपलेला. असे फेरफार केलेल्या गाडीला आमच्याकडे पाहणीशिवाय नवा विमा देत नाहीत, आणि पाहणी करणारे सणाच्या सुट्टीवर.

"सुट्टी संपेपर्यंत थांब रे," मी अक्षरशः हात जोडले.

"साडेतीन मुहूर्तांतला एक असा घालवू? अगं, आमच्याकडे सायकलसुद्धा दसऱ्यालाच घरी आली." सांगलीचा हा माणूस लखनऊत हिंदीत भांडायला शिकला, पण त्याचा मुहूर्त काही सुटला नाही.

"मम्मी, टेन्शन मत लो यार, पास में ही तो है," मुलगी म्हणाली आणि जानकीपुरमला पोचताच आमच्याआधी गाडीत मागे जाऊन बसली.

रावण बघायला निघालेल्या माणसांनी रस्ता भरून गेला होता. मी नवऱ्याशेजारी पट्टा लावून बसले. "हळू. डावीकडे बाई आहे. अरे, हळू!" यातलं कुणी आपल्या चाकाखाली आलं तर? त्याच्या घरच्यांपुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं? एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात पुढची ई-रिक्षा सवारी घ्यायला मध्येच थांबली. नवऱ्यानं करकचून ब्रेक दाबला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा रिक्षा काचेसमोर वीतभर अंतरावर होती, आणि आत बसलेली माणसं आमच्याकडे बघून ओरडत होती. कुणाला खरचटलंही नव्हतं.

"वाचलो रे!" मी म्हणाले. मला हसूच फुटलं.

मागून काहीच आवाज आला नाही.

मुलगी पलंगावर मांडी घालून व्हिडिओ काढत होती. पलंगाला कसला पट्टा! ती शेगडीखाली पडली होती. कपाळातून रक्त येत होतं, डोळे उघडे होते, पण हाका मारल्या तरी ती नुसती बघत राहिली. नवऱ्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. शेवटी त्या रिक्षावाल्यानंच सवाऱ्या उतरवल्या आणि म्हणाला, "दीदी, बिटिया को इसमें लाइए, अस्पताल आगे ही है."

टाक्यांची खूण आता तिच्या केसांखाली झाकली जाते. ती हसत हसत मैत्रिणींना दाखवते. मला अजून तिकडे बघवत नाही.

त्या दिवशी ती रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी होती आणि गर्दीतून हेलकावे खात धावत होती. एरवी असल्या रिक्षात मी पाय ठेवत नाही. मुलीचं डोकं छातीशी धरून मी ओरडत होते, "भैया, और तेज़! और तेज़ चलाइए!"