कपड्यावर भांडं

माझी आई बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं. पुण्यातल्या सोसायट्यांचे जिने चढून तिनं मला बी.कॉम. केलं. घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी कुणालाही सांगते. पाटीचं मात्र सिंगापुरात कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा गेल्यावर तिला इथे, यिशुन भागातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. दिवस दिवस बोलायची नाही. एका रविवारी कॉरिडॉरमध्ये भोंगा वाजला. करुंग गुनी, म्हणजे इथला भंगारवाला. ढकलगाडीमागे एक चिनी म्हातारा. आई अनवाणीच बाहेर. माझे दोन कुर्ते त्याच्यापुढे टाकले. तो नाणी काढायला लागला.

"कपड्यावर पैसा नसतो, बाबा. भांडं काढ!"

हातवारे बघून त्यानं गाडीतून अॅल्युमिनियमची किटली काढली. आईनं बुडाला टिचकी मारली. "पोचा आलाय की रं! अजून एक टाक."

"कॅनॉट, आंटी, कॅनॉट लाह!" म्हातारा हसत होता.

जन्मभर उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकलेली गिऱ्हाइकांची बोलणी ती आता उंबऱ्यात बसून त्याला ऐकवत होती. दर रविवारी. तिचा आवाज परत आला होता.

मग एकदा ऑफिसातली मराठी मैत्रीण आली. लिफ्टमधून बाहेर पडताच हसली, "अगं, काकू बघ! थेट आपल्याकडची बोहारीण!"

मी आईला दंडाला धरून आत घेतलं. म्हाताऱ्याला इंग्रजीत म्हटलं, "अंकल, आमच्या दाराशी थांबत जाऊ नका." त्यानं मान हलवली.

मैत्रीण गेल्यावर आईनं विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

मी सांगितलं.

"बरं."

नंतर भोंगा दारावरून सरळ पुढे जायचा. आई उठायची, दाराशी उभी राहायची, परत बसायची. महिनाभर हे बघितलं आणि शेवटी एका रविवारी भोंगा ऐकून मीच त्याला बोलवायला धावले. ढकलगाडी तीच, माणूस दुसरा.

"ओल्ड अंकल? पास्ट अवे ऑलरेडी."

आईला सांगितलं. तिनं पलंगाखालून गाठोडं ओढलं, गाठ सोडली. माझेच जुने कपडे, धुऊन घड्या घातलेले.

"कपाटात ठेव," म्हणाली.

आता भोंगा वाजला की ती उठते आणि दार लावून घेते.