बोर्देओस, नंबर सात

थोरल्या भावाला सान रोकेत मानोय म्हणतात, आणि तेम्योंग बोर्देओसला तर अख्खं गावच मानोय म्हणायचं. शाळा सहावीपर्यंत. पण जत्रेच्या बास्केटबॉलसाठी गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारा गडी, निवडावा तर त्यानंच. कुठल्या गावानं कुणाला सोडलं, कुणाचा गुडघा गेला, प्रवाशांची तीनचाकी ट्रायसिकल चालवता चालवता त्याला सगळं कळायचं. एकवीस वर्षं टीम त्यानंच बांधली.

त्याची परीक्षा वेगळी. कोर्टवर गावाचं भात वाळत असायचं, कडेला हातभर वाट मोकळी. त्या वाटेनं बॉल आपटत जायचं, समोरून तेम्योंग अडवणार, आणि दाणा हलता कामा नये.

या परीक्षेत पहिल्यांदा पास झाला त्याचा धाकटा भाऊ, निलो. सोळा वर्षांचा, पायात रबरी चपला, त्यातली एक तुटकी. असा सुळकन् गेला की भात टिपणाऱ्या कोंबड्याही जागच्या हलल्या नाहीत. पुढं निलो जहाजावर नोकरीला गेला. तेम्योंगनं मात्र ही गोष्ट प्रत्येक प्रवाशाला सांगितली. उतरायची जागा आली तरी संपायची नाही, मग गाडी उभी करून संपवायचा.

यंदा बाहेरचा एकच गडी घ्यायला परवानगी होती. निलो जहाज सोडून आला होता, सासुरवाडीच्या गावात राहत होता, आणि तिथल्या टीमनं त्याला वगळलं होतं. सदतिसावं लागलेलं. "एकदा आपल्या कोर्टवर खेळू दे, मानोय. मग विचारणार नाही," म्हणाला. दुसरा होता कोळीवस्तीतला जुवेन, बावीस वर्षांचा, त्याची टीमच मोडलेली. तेम्योंगनं तुलना केलीच नाही. जर्सीवर 'बोर्देओस, ७' छापूनसुद्धा आणलं.

गावच्या कप्तान, म्हणजे सरपंचच, सोलेदादबाई म्हणाल्या, "परीक्षा तरी घे. नियम तुझाच ना?"

"घेतो की. बघाच तुम्ही."

जुवेन गेला. दाणा हलला नाही.

मग निलो. पहिली झुकांडी जुन्यासारखीच. दुसऱ्या झुकांडीला गुडघा वळला आणि पाय घोट्यापर्यंत भातात गेला. बॉल कोंबड्यांत.

कुणी हसलं नाही. निलोच हसला. खाली बसून दाणे तळहातानं सारखे करायला लागला.

"ऊन आलं तुझ्या डोळ्यांवर. पुन्हा एकदा जा," तेम्योंग म्हणाला.

"ऊन पाठीमागं आहे, मानोय."

"मग चप्पल सटकली."

"बूट आहेत पायात. लिही त्याचं नाव."

तेम्योंगनं कागद मांडीवर घेतला. बराच वेळ पेन झटकत बसला. शाई होती. मग जुवेनचं नाव लिहिलं.

दुसरी जर्सी छापायला वेळ नव्हता. जत्रेत जुवेन तीच घालून उतरला. पहिल्याच सामन्यात तिघांमधून बॉल काढून नेला, तसा तेम्योंग शेजारच्याला म्हणाला, "बघा. बोर्देओस."

"तो तर कोळ्यांचा पोरगा ना?"

"पोरगं राहू द्या. जर्सी वाचा. हे नाव पहिल्यांदा या कोर्टवर धावलं तेव्हा सोळा वर्षांचं होतं. पायात तुटकी चप्पल. कोंबड्या हलल्या नव्हत्या."

पलीकडं पाण्याच्या बाटल्या भरत बसलेला निलो म्हणाला, "हलल्या होत्या रे, मानोय. दोन तर उडाल्या."

"तू गप. मी तिथं होतो."