लपवलेली गाय

सोमवारी सकाळी तालुक्याहून फोन आला. गुरुवारी समिती येणार, अनुदानाच्या याद्या नव्यानं तपासणार, घरोघर जाऊन बघणार. यादीत एकेचाळीस घरं होती, पण फोन ठेवताना मला आठवली ती एकटी बुरुल. तिच्या गोठ्यात गाय होती.

गावच्या कचेरीत गरीब घरांच्या अर्जांचं काम मी बारा वर्षं बघते आहे. मुलांचं अनुदान, हिवाळ्याचा कोळसा, आजाऱ्यांचे दाखले, सगळं माझ्या टेबलावरून जातं. लोक मला दामिरा एजे म्हणतात. एजे म्हणजे थोरली बहीण. पण समिती येणार असली की याच लोकांना माझी भीती वाटते. मी दिसले की फाटक लावून घेतात.

बुरुल पलीकडच्या खोऱ्यातली, मेंढपाळाची मुलगी. नववीपर्यंत शिकली. नर्स व्हायचं म्हणायची, पण एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या गावात आली. नवरा कुबात रशियात बांधकामावर जायचा. दर महिन्याला पैसे यायचे आणि दर रविवारी फोन. मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. कुणी म्हणालं, उंचावरून पडला. कुणी म्हणालं, तिकडेच दुसरं घर केलं. बुरुल कुणाशी वाद घालायची नाही. फक्त रविवारी ती फोन हातातून खाली ठेवायची नाही.

ती धड विधवा नव्हती, धड सोडलेलीही नव्हती. अशा बाईसाठी अर्जात रकानाच नव्हता. पाच वेळा तालुक्याला खेटे घालून मी तिचं नाव यादीत बसवलं. पदरात दोन मुलं. मोठी आयझिरेक बारा वर्षांची, धाकटा एरबोल चार वर्षांचा. तीन वर्षांचा झाला तरी एरबोल भिंत धरून चालायचा. पाय गुडघ्यापासून बाहेर वाकलेले. दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, दूध द्या, अंडी द्या, उन्हात बसवा.

"त्यातलं ऊन तेवढं आहे आमच्याकडे," बुरुल मला म्हणाली होती.

ही गोष्ट शार्शेन आबांच्या कानावर गेली. आबा सत्तरी ओलांडलेले, गुरंढोरं बाळगून असलेले, आणि तोंडानं फटकळ. ज्याच्याकडे गुरं आहेत त्यानं एखादी दुभती गाय गरिबाच्या गोठ्यात बांधायची, ही आमच्याकडची जुनी रीत. हल्ली कुणी फारसं करत नाही. एप्रिलमध्ये एका सकाळी आबा एक तांबडी गाय दाव्यानं ओढत बुरुलच्या दारात आले.

"आबा, हिच्या बदल्यात मी काय देऊ?" बुरुल घाबरून म्हणाली.

"देतेस काय डोंबल! वासरू माझं, शेण तुझं, दूध पोराचं. आणि सांभाळून काढ, लाथ मारते. माझ्या सुनेसारखी आहे."

हे सुनेला कळलं. कळायला वेळ लागला नाही, कारण आबा हळू बोलतच नाहीत. सुनेला तशीही गाय द्यायची नव्हती. तिनं मनात धरलं.

उन्हाळाभर एरबोल दूध प्यायला. बुरुल थोडी साय विकायची, थोड्या दह्याचे खारट गोळे, कुरुत, वाळवून ठेवायची, शेणाच्या गोवऱ्या भिंतीला लागून रचायची. सप्टेंबरात मी तिच्या घरावरून जात होते, तर एरबोल कोंबडीच्या मागे पळत होता. वाकडातिकडा, पण पळत होता. मी फाटकाशी उभी राहून बघत राहिले.

आणि आता समिती.

दुकानात दुपारपर्यंत बातमी पसरली. कुणीतरी सांगितलं, शेजारच्या गावात एका बाईच्या गोठ्यात गाय दिसली आणि तिचं नाव जागच्या जागी खोडलं. कुठलं गाव, कोण बाई, कुणाला माहीत नव्हतं. पण सगळ्यांचा विश्वास बसला. मी तालुक्याला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "समिती बघेल हो. आत्तापासून कशाला डोकं खाता?"

संध्याकाळी बुरुल आली. बसली नाही. दारातच उभी राहून तिनं विचारलं, "एजे, गाय मोजतात का?"

"माहीत नाही गं."

"माझी नाहीये ती."

"मला माहीत आहे. पण कानातला बिल्ला कुठाय?"

बिल्ल्यावर मालकाची नोंद असते. पण या गायीचा बिल्ला जूनमध्येच कुंपणाच्या तारेत अडकून कान फाडून गेला होता. नवा लावून घ्यायचं राहून गेलं होतं.

"आबांकडे परत नेऊन बांध दोन दिवस," मी म्हणाले.

"आबा देतील हो परत. पण सून? एकदा त्या गोठ्यात गेली की ती दावं सोडेल का? आबांना रोज घरात भांडण लावून देऊ?" ती थांबली. मग हळूच म्हणाली, "वर ओढ्याच्या कडेला माझ्या बापाचा जुना मेंढवाडा आहे, उन्हाळ्यात मेंढरं घेऊन या बाजूला यायचा तेव्हाचा. कुणी जात नाही तिकडे."

त्या वेळी मी तिला सांगायला हवं होतं, लपवू नकोस, मी समितीशी बोलते. पण मलाही नोकरी आहे. मागच्या तपासणीत एका घराची बाजू घेतली म्हणून मला कागदावर खुलासा द्यावा लागला होता. मी म्हणाले, "मी काही ऐकलं नाही." ती मान हलवून गेली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मंगळवार-बुधवार गावात नुसती हलवाहलव चालली होती. यादीतल्या बायका कपडे धुण्याची यंत्रं, टीव्ही, भिंतीवरचे गालिचे गोधडीत गुंडाळून यादीबाहेरच्या घरांत नेऊन ठेवत होत्या. एकीनं माझ्यादेखत बरण्या भरभरून जॅम बटाटे साठवायच्या खड्ड्यात पुरला. मी मान वळवून पुढे गेले. गरीब असणं पुरत नव्हतं. तसं दिसायलाही हवं होतं.

बुधवारी पहाटेचं दूध काढून बुरुलनं गाय वर नेली. दीड तासाची चढण. वाड्याचं दार दोरीनं बांधलं, गवत टाकलं. संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा जाऊन दूध काढून आली. मी एक फॉर्म द्यायला तिच्या घरी गेले, तेव्हा मायलेकींचं वाजलं होतं. जमिनीवर एक विटका, कोपरावर फाटलेला स्वेटर पडला होता.

"उद्या हाच घालायचा," बुरुल म्हणत होती.

"नाही घालणार. तो घालून मी शाळेत जात नाही, तर त्यांच्यासमोर कशाला?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, आयझिरेक."

"अपा, मला भिकारी दिसायचं नाही!" ती आईवर ओरडली.

बुरुलनं हात उगारला आणि तसाच खाली घेतला. एरबोल मध्ये उभा राहून दोघींकडे बघत होता. त्याचे गाल लालबुंद होते. बुरुलची नजर त्या गालांवर गेली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. पोर बरं झालं म्हणून तिला भीती वाटत होती.

गुरुवारी बर्फ पडलं. पहिलंच, पण गुडघाभर. खिंड बंद झाली आणि समितीची गाडी आली नाही. फोन आला, उद्या नक्की. वरची वाटही बुजली होती. बुरुल दोनदा निघाली, दोनदा ओढ्यापासून परत फिरली. दिवसभरात तीन वेळा माझ्याकडे आली. "एजे, भरलेल्या कासेची गाय किती वेळ राहते हो?" गाय माझ्याकडेही होती. दोन वेळच्या धारा चुकल्या तर काय होतं, हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी उजाडताच ती वर गेली. दहा वाजता समितीची गाडी गावात शिरली.

समितीच्या प्रमुख पन्नाशीच्या बाई होत्या, थकलेल्या, सर्दीनं बेजार झालेल्या. सोबत दोघं जण. घरामागून घर झालं. यादी घेऊन मी बरोबर होते. मग बुरुलचं घर आलं. दार आयझिरेकनं उघडलं. अंगात शाळेचा इस्त्रीचा गणवेश, केसांना पांढरी रिबन. एरबोल तिच्या मागून डोकावत होता.

"आई कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

मुलगी दाराची कडी धरून उभी राहिली.

"पोरगं छान आहे की. काय खायला घालता?" बाई हसून म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं बहुतेक. पण मला ते हसू टोचलं.

एक जण मागच्या गोठ्याकडे जाऊन आला. "शेण ताजं आहे," तो म्हणाला. "गाय दिसत नाही."

"गाय आहे का तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

आयझिरेकनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते.

"आहे," ती म्हणाली. "आमची नाही. शार्शेन आबांची आहे, दुधासाठी दिलीये. तुम्ही येणार म्हणून अपानं वर नेऊन लपवली. काल बर्फ पडलं. अपा सकाळपासून तिकडेच आहे, अजून आली नाही." आणि मग तिचा आवाज फुटला. "एवढा वेळ लागत नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. आता नोकरी गेली, असं वाटलं. पण सोमवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी जरा हललं.

बाईंनी कागद मिटला. "दुसऱ्याची गाय मोजत नाहीत. मालकानं लिहून दिलं, बिल्ल्याची नोंद दाखवली, की झालं. विचारायचं ना!"

"विचारलं होतं. समिती बघेल म्हणाले."

त्यांनी नाक पुसलं, तीन दिवसांत मालकाचा कागद पाठवा म्हणून लिहिलं आणि पुढच्या घराकडे निघाल्या. मी त्यांच्याबरोबर गेले नाही. सोबत्याच्या हातात यादी दिली आणि थेट आबांच्या घरी पळाले.

आबांच्या माणसांबरोबर मीही वर गेले, तेव्हा बुरुल ओढ्याच्या वर सापडली. बर्फातून ठसे शोधत हिंडत होती, हातमोजा एकच राहिला होता, हाका मारून आवाज बसला होता. वाड्याचं दार आतून ढकलून मोडलं होतं. गाय कासेच्या दुखण्यानं आत राहिली नव्हती, आणि तिच्या ठशांवर बर्फ पडलं होतं.

"लांडग्यांनी..." ती एवढंच म्हणायची आणि थांबायची. गाय मोजत नाहीत, नाव राहिलं आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिच्या डोक्यात शिरलं नाही. "परक्याची गाय होती, एजे," ती म्हणत राहिली.

घोड्यांवर सात-आठ जण गाय शोधायला निघाले. शुक्रवारी काही हाती लागलं नाही. शनिवारी दुपारी आबांनाच गाय दिसली, खालच्या घळीत, वाळुंजाच्या झुडपात अडकून उभी. जिवंत होती. कास दगडासारखी, तापानं थरथरत होती. गुरांचा डॉक्टर येऊन सुया टोचून गेला. चारातले दोन सड गेले, म्हणाला, परत दूध देणार नाहीत.

आबा बुरुलच्या अंगणात उभे राहून अर्धा तास ओरडले. "मला विचारायला जीभ झडली होती? मी मेलो होतो? बर्फात गाय लपवते! अक्कल आहे का?" बुरुल मान खाली घालून ऐकत होती. ओरडून झाल्यावर आबा ओट्यावर बसले आणि एरबोलला मांडीवर घेतलं.

सून दुसऱ्या दिवशी आली. गोठ्यात वाकून कास बघितली, नाक मुरडलं. "दोन सडांची गाय घेऊन आम्ही काय करू? राहू दे इथंच." फाटकाशी जाऊन परत फिरली आणि म्हणाली, "कोमट पाण्यानं शेक दिवसातून चारदा. आणि त्या सडांना हात लावू नकोस." अशी गाय राहिली. दूध निम्मं झालं. कागद वेळेत गेला, नाव यादीत राहिलं. मला पुन्हा एक खुलासा लिहावा लागला, तो मी लिहिला.

त्या हिवाळ्यात मी समितीचे नियम मागवले आणि मोठ्या अक्षरांत लिहून कचेरीच्या दारावर चिकटवले. काय मोजतात, काय मोजत नाहीत. लोक थंडीत उभे राहून वाचायचे. काहींना वाटायचं यातही काहीतरी डाव आहे. जॅमवाली बाई दोनदा येऊन विचारून गेली, हे खरंच का.

बुरुल मात्र वाचूनही विचारायचीच. एरबोलला बूट घेतले तर चालेल का? भावानं जुना फ्रीज दिला तर आणू का? घरात कुठलीही बरी गोष्ट आली की ती आधी माझ्याकडे यायची, चोरी केल्यासारखी. वसंतात शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघाली, पगारी, अर्ध्या दिवसाची. ती तीन दिवस माझ्या बाकावर येऊन बसत होती.

"घेतलं काम तर नाव जाईल ना?"

"जाईल. तीन महिन्यांनी."

"आणि शाळेनं काढून टाकलं तर?"

"परत अर्ज करायचा."

"परत ती समिती. परत ते सगळं."

मी तालुक्याला कळवलं, की काम लागल्यावर सहा महिने तरी नाव ठेवा, माणसाचे पाय टेकू द्या. उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

शेवटी तिनं काम घेतलं. ऑगस्टमध्ये तिचं नाव मीच खोडलं. ती टेबलासमोर उभी होती, अंगाला कांद्याचा वास येत होता, हात ओढणीला पुसत होती. पेन ओढलं जाताना तिनं बघितलं आणि म्हणाली, "आता पडले तर कोण धरणार, एजे?"

"मी आहे ना," मी म्हणाले.

ती हसली आणि कामावर परत गेली. मी तशीच बसून राहिले. माझ्या हातात काय होतं, एक पेन आणि एक यादी. शाळेत मुलांच्या जेवणाची वेळ झाली होती. ती उशीर होऊ नये म्हणून जवळजवळ पळतच निघाली होती.